अंगणातील खडीचा रस्ता : आखणी, अंदाजपत्रक आणि बांधणी

रस्ता म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नगरपालिका, कंत्राटदार आणि त्यांचे मोठमोठे रोलर उभे राहतात. तो आपला विषय नव्हे, असे समजून आपण त्याविषयी तक्रार करण्यापुरतेच काय ते बोलतो. परंतु फाटकापासून घराच्या पायरीपर्यंतचा जो रस्ता असतो, तो आपल्याला कोणी करून देत नाही. तो ज्याचा त्याने करावयाचा असतो. लांबीने तो फार तर पन्नास-साठ फूट. पण धान्याचे पोते, गॅसची टाकी, शाळेला निघालेली मुले आणि प्रसंगी आजारी माणूस, या सर्वांना त्याच्यावरूनच जावे लागते.

असा एक रस्ता आम्ही घरच्या माणसांनी मिळून बांधला. प्रथम चुकलो आणि मग शिकलो. वर्गात ऐकलेले घनफळ, उताराचे प्रमाण आणि पाण्याची पातळी, या साऱ्या गोष्टी या कामी जशाच्या तशा उपयोगी पडल्या. म्हणून तो अनुभव विद्यार्थीमित्रांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे क्रमवार मांडीत आहोत.

पहिली चूक

आमचे घर बेळगाव शहराच्या कडेला, पूर्वी जेथे भाताची खाचरे होती अशा जागी आहे. भाताला जी जमीन चांगली, ती रस्त्याला वाईट. कारण भाताच्या खाचरात पाणी उभे राहावे लागते आणि रस्त्यावर ते क्षणभरही थांबता कामा नये. आमच्या अंगणातील माती काळी व चिकण. उन्हाळ्यात तिला बोट शिरेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगून लोण्यासारखी मऊ होते. बेळगावात वर्षाकाठी बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तेव्हा वर्षातील एक तृतीयांश काळ आमचे अंगण म्हणजे चिखलाचे आगरच असे.

यावर उपाय म्हणून मे २०२३ मध्ये आम्ही दोन ट्रॉल्या खडी आणून ती सरळ मातीवर पसरली. चार दिवस अंगण मोठे देखणे दिसले. शेजारच्यांनीही कौतुक केले. पुढे जुलैचा पाऊस लागला, तशी खडी दिवसेंदिवस कमी दिसू लागली. चोरी झाली म्हणावे तर एवढी खडी नेणार कोण? महिन्याअखेर वर केवळ चिखल उरला.

त्याच महिन्यात एका रात्री आजीला दम्याचा मोठा झटका आला. रुग्णवाहिका बोलावली. ती फाटकापाशी येऊन थांबली. आतला चिखल पाहून चालकाने गाडी आत घालण्यास नकार दिला, आणि त्याचे म्हणणे खरेच होते. कारण रुतलेली रुग्णवाहिका कोणाच्याच उपयोगाची नाही. अखेर आजीला लाकडी खुर्चीवर बसवून आमचे वडील आणि काका यांनी ती खुर्ची उचलली. आम्ही मुले पुढे कंदिलासारखे विजेचे दिवे धरून चाललो. अंतर अवघे साठ फूट. अर्ध्यावर वडिलांचा पाय पोटरीपर्यंत रुतला आणि खुर्ची कलंडली. काकांनी ती छातीशी धरून सावरली म्हणून अनर्थ टळला. आजी आठ दिवसांनी बरी होऊन घरी आली. पण त्यानंतर दसऱ्यापर्यंत ती पायरी उतरली नाही. “मला परत उचलून न्यायची वेळ आणू नका,” एवढेच ती म्हणे. रस्ता नीट बांधायचा, हा निश्चय तेव्हाच झाला.

खडी कोठे गेली?

काम आरंभण्यापूर्वी आधीची खडी का नाहीशी झाली, हे समजून घेणे अवश्य होते. पाऊस उघडल्यावर आम्ही एके ठिकाणी कुदळीने खणून पाहिले. सुमारे एक वीत खोलीवर सर्व खडी मातीत कालवलेली सापडली. म्हणजे ती कोठे गेली नव्हती; खाली बसली होती.

याचे कारण सोपे आहे. खडीच्या दोन तुकड्यांमध्ये पोकळी असते. ती किती असते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने एक लिटरचे भांडे खडीने काठोकाठ भरावे आणि त्यात मापून पाणी ओतावे. जवळजवळ चारशे मिलिलिटर पाणी त्यात सहज मावेल. म्हणजे खडीच्या ढिगात शंभरांतील सुमारे चाळीस भाग नुसती हवा असते. खालची माती कोरडी व घट्ट असेल तोवर काही बिघडत नाही. पण ती भिजून मऊ झाली, की वरून चाक जाताच ती पोकळीतून वर चढते आणि दगड खाली जातो. दर चाकागणिक हा अदलाबदलीचा व्यवहार चालू राहतो. आमच्या दोन ट्रॉल्या अशाच गेल्या.

हीच गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने जगाला पटवून दिली. जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) हा मूळचा स्कॉटलंडचा. १८१६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या रस्त्यांची देखरेख त्याच्याकडे आली. त्या काळी पक्का रस्ता म्हणजे खाली मोठमोठ्या दगडांचा पाया, अशी समजूत होती. मॅकॅडमचे म्हणणे निराळे होते. वाहनाचा भार अखेर पेलते ती खालची जमीन, दगड नव्हे. जमीन कोरडी असेल तर ती वाटेल तो भार पेलील. ओली असेल तर तिच्यावर कितीही दगड घाला, ते व्यर्थ. दगडांच्या थराचे काम जमिनीवर छप्पर धरण्याचे आहे. म्हणून त्याने रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घेतला, त्याला दोन्ही बाजूंस उतार दिला, कडेने चर खणले आणि वर हातोड्याने फोडलेली बारीक खडी घातली. सहा औंसांहून, म्हणजे सुमारे एकशे सत्तर ग्रॅमहून, जड दगड त्याला चालत नसे. डांबर पुढे आले. मॅकॅडमच्या रस्त्यात ते नव्हते. आजही अशा रस्त्याला अभियंते त्याच्याच नावाने ओळखतात.

खडी फोडलेलीच का हवी, याचाही एक घरगुती प्रयोग आहे. एका वाटीत खेळण्याच्या गोट्या भरा व दुसरीत फुटक्या कौलाचे तुकडे. दोन्हींवर अंगठा दाबा. गोट्या बाजूला सरकतील आणि अंगठा आत जाईल. कौलाचे तुकडे मात्र एकमेकांच्या कोपऱ्यांत अडकून घट्ट बसतील. नदीतील वाटोळे गोटे दिसायला सुंदर असले तरी रस्त्याला खाणीतील कोनदार खडीच हवी, ती यासाठी.

आखणी

मॅकॅडमचे तत्त्व ध्यानी घेता आमची आखणी रस्त्यापासून नव्हे, तर पाण्यापासून सुरू झाली. पावसाळ्यातील एका सकाळी छत्री घेऊन आम्ही अंगणात उभे राहिलो आणि पाणी कोठून येते, कोठे साचते व कोठून बाहेर जाते, याचा कागदावर नकाशा काढला. छपराच्या पन्हळीचे पाणी थेट येण्याजाण्याच्या वाटेवर पडते, ही गोष्ट इतक्या वर्षांत प्रथमच आमच्या लक्षात आली. ती पन्हळ आम्ही आधी वळवली.

पाणी किती असते, याचाही हिशेब केला. आमचा रस्ता साठ फूट लांब व दहा फूट रुंद, म्हणजे ६०० चौरस फुटांचा. त्यावर एक इंच पाऊस पडला तर ५० घनफूट, म्हणजे १,४०० लिटरांहून अधिक पाणी होते. मोठ्या सरीत हे पाणी तास-दोन तासांत पडते. तेवढ्याला वाट काढून दिली नाही तर ते आपली वाट आपण काढणार.

रुंदी दहा फूट धरली. कारण मोटार साधारण सहा फूट रुंद असते आणि तिची दोन्ही दारे उघडून कोरड्यात उतरता यावे लागते. नंतर खुंट्या ठोकून सुतळी ताणली व फक्कीने रेघा मारल्या. कंपाउंडच्या भिंतीच्या पायाला धक्का लागू नये म्हणून तिच्यापासून दोन हात अंतर सोडले. पाण्याचा नळ आणि विजेची तार जमिनीखालून कोठून गेली आहे, हे आधी शोधून त्या जागी खुणा केल्या.

उतार दोन प्रकारचा हवा. पहिला लांबीतील : घराकडून फाटकाकडे साठ फुटांत सहा इंच. दुसरा रुंदीतील : मध्य उंच व दोन्ही कडा खाली. तिसात एक हे प्रमाण धरले, तर मध्यापासून कडेपर्यंतच्या पाच फुटांना, म्हणजे साठ इंचांना, दोन इंच उतार येतो. डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो. पाण्याला मात्र तेवढा पुरतो.

हे उतार मोजण्यास गवंड्याची पाणसळ वापरली. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन खुंट्यांपाशी धरली, की दोन्हीकडे पाण्याची पातळी समान येते. जोडलेल्या भांड्यांचा जो नियम आपण विज्ञानाच्या पुस्तकात पाठ करतो, तोच हा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मात्र माप फसते. आमचे पहिले माप तसेच फसले व निम्म्या खुंट्या परत ठोकाव्या लागल्या.

रस्त्याच्या दोन्ही कडांना एक फूट रुंद व एक फूट खोल चर योजला. चराचा तळ रस्त्याच्या खोदाईच्या तळापेक्षा खाली असला पाहिजे, हे विसरू नये. नाहीतर चरातील पाणी उलट रस्त्याखाली शिरते. चराचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात अथवा हमरस्त्यावर सोडणे योग्य नव्हे. आमच्या फाटकाबाहेरून सार्वजनिक गटार जाते. त्यात ते सोडण्यासाठी व फाटकापाशी गटारावर सिमेंटच्या नळाची मोरी घालण्यासाठी आम्ही स्थानिक कचेरीतून रीतसर परवानगी घेतली. आपल्या हद्दीबाहेर एक फूटही खणावयाचे असेल तर परवानगी आधी व कुदळ नंतर, हा क्रम पाळावा.

खडीच का?

काँक्रीट का नको, असा प्रश्न घरातही निघाला. एक तर त्याचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. दुसरे असे, की काळी माती ऋतूनुसार फुगते व आकसते. तिच्यावर पुरेशा पायाविना ओतलेले काँक्रीट तडकते आणि तडकलेले काँक्रीट घरच्या घरी सांधता येत नाही. खडीचा रस्ता बिघडला तर एक फावडे, एक घमेले आणि एक सुटीचा दिवस पुरतो. खालचा नळ फुटला तर तेवढीच जागा उकरून परत भरता येते.

मात्र एक गोष्ट पाहावी लागली. सुटी खडी जाड पसरली तर आजीची काठी तिच्यात रुतणार आणि चाकाची खुर्ची तर मुळीच चालणार नाही. म्हणून वरचा थर सुटा न ठेवता बारीक खडी व दगडाचा चुरा मिसळून घट्ट बसवावयाचा, असे ठरले. रस्ता कोणासाठी बांधतो आहोत, याचा विचार साहित्याची यादी करण्यापूर्वी केलेला बरा.

अंदाजपत्रक

खाणीवर खडी-मुरूम ब्रासने विकतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक ब्रास खडीचे वजन चार टनांहून अधिक भरते, यावरून साहित्याचा आवाका कळेल. आमच्या रस्त्याचे तीन थर मिळून एक फूट जाडी धरली होती. त्याचा हिशेब असा :

तळाचा थर मुरमाचा, ६ इंच : ६०० चौरस फूट × अर्धा फूट = ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास.

मधला थर ४० मिलिमीटरच्या खडीचा, ४ इंच : ६०० × एक तृतीयांश = २०० घनफूट, म्हणजे २ ब्रास.

वरचा थर बारीक खडी व चुऱ्याचा, २ इंच : ६०० × एक षष्ठांश = १०० घनफूट, म्हणजे १ ब्रास.

पण एवढ्यावर मागणी नोंदवली तर साहित्य अपुरे पडते. कारण ही मापे दाबून बसलेल्या थरांची आहेत आणि ट्रॉलीतून येते ते सैल साहित्य. म्हणून प्रत्येकात पाव हिस्सा वाढवावा. त्याप्रमाणे मुरूम पावणेचार, मोठी खडी अडीच आणि वरचे मिश्रण सव्वा ब्रास झाले. मधल्या थरातील पोकळी भरण्यास आणखी अर्धा ब्रास मुरूम धरला. एकूण बरोबर आठ ब्रास.

कडेला जांभ्या दगडाचे चिरे लावावयाचे होते. दोन बाजू मिळून १२० फूट आणि चिरा सव्वा फूट लांब. म्हणून ९६ चिरे. फुटतूट धरून शंभर मागवले.

खोदाईतून निघणाऱ्या मातीचाही हिशेब आधीच करावा. आठ इंच खोदाई म्हणजे ४०० घनफूट माती. ती सुटी झाली की फुगून सुमारे पाच ब्रास होते. ती टाकावयाची कोठे, हे ठरवले नाही तर ती फाटकातच पडून राहते. आमची माती परसातील केळी आणि भाजीच्या वाफ्यांना गेली.

दर गावोगाव व वर्षागणिक बदलतात; त्यामुळे आमचे आकडे येथे देण्यात अर्थ नाही. परंतु खर्चाची वाटणी मार्गदर्शक ठरेल. आम्ही खर्च केलेल्या दर शंभर रुपयांपैकी साहित्य व त्याची वाहतूक यांना ५८ लागले. खोदाईच्या यंत्राला ९. मजुरी आणि दाबयंत्राच्या भाड्याला २२. मोरीचा नळ व चिरे यांना ६. आणि पाणी, सुतळी, चहा इत्यादी किरकोळ बाबींना ५. याशिवाय दहावा हिस्सा रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला ठेवली होती. तिच्यातील निम्मी खर्च झाली.

ट्रॉली रिकामी करण्यापूर्वी मोजावी, ही सूचना आम्ही आवर्जून करतो. दहा फूट लांब व सहा फूट रुंद ट्रॉलीत एक ब्रास माल असेल तर त्याची उंची सरासरी वीस इंच भरली पाहिजे. आमच्याकडे आलेल्या एका ट्रॉलीत ती पंधरा इंच भरली. म्हणजे माल पाऊण ब्रास आणि पैसे पूर्ण ब्रासचे! टेप लावून गुणाकार करून दाखवल्यावर चालकाने वाद न घालता पुढच्या खेपेत भरपाई केली. सातवीतील आमच्या धाकट्या भावाने केलेला तो गुणाकार होता. त्या दिवसापासून प्रत्येक ट्रॉलीचे माप घेण्याचे काम त्याच्याचकडे राहिले.

काटकसर कोठे करावी? खडी पसरणे, पाणी मारणे, चिरे लावणे ही कामे घरच्यांनी करावीत. आम्ही खोदाईत सापडलेली जुनी खडी धुऊन चराच्या तळाशी वापरली. काटकसर कोठे करू नये? चर आणि तळाचा मुरूम यांत. हे दोन्ही पुढे दिसत नाहीत, म्हणूनच त्यांवर कात्री चालवण्याचा मोह होतो. आमच्या पहिल्या दोन ट्रॉल्यांना जो खर्च आला, तो या संपूर्ण रस्त्याच्या खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा होता, आणि तो एका पावसाळ्यात मातीत गेला. पैसे एकदम उभे राहत नसतील तर पहिल्या वर्षी पूर्ण लांबीचे चर व मुरूम करावे आणि खडी पुढच्या वर्षी घालावी. उलट क्रम मात्र कधीही धरू नये.

बांधणी

जानेवारी २०२४ मध्ये, जमीन कोरडी व हवा थंड असताना, कामास हात घातला. प्रथम वरची भुसभुशीत माती, गवत आणि मुळे आठ इंचांपर्यंत काढून टाकली. कुजणारे काहीही खाली राहिले तर ते कुजल्यावर वरचा रस्ता खचतो. खोदलेल्या तळालाच मध्य उंच व कडा खाली असा आकार दिला. अनेक जण तळ सपाट ठेवून केवळ वरच्या थराला उतार देतात. खडीतून झिरपलेले पाणी मग त्या सपाट तळावर थांबून राहते व माती मऊ करते. मुरलेल्या पाण्यालाही बाहेर पडण्यास उतार हवा. याच वेळी चर खणले, मोरी घातली आणि पुढेमागे नळ किंवा तार न्यावी लागल्यास रस्ता फोडावा लागू नये म्हणून एक रिकामा पाईप आडवा पुरून ठेवला.

मग दोन्ही कडांना चिरे उभे केले. त्यांचा बराचसा भाग जमिनीत घेतला आणि दर सहा चिऱ्यांनंतर चार बोटांची फट सोडून तीत मोठी खडी भरली. चिरे नसतील तर खडी दिवसागणिक बाहेर पसरते आणि फटी नसतील तर पाणी आत कोंडते.

त्यानंतर मुरूम. सहा इंच थर एकदम घालू नये. दाब वरच्या तीन-चार इंचांपलीकडे पोचत नाही. आम्ही तीन-तीन इंचांचे दोन थर केले. मुरमात ओल किती हवी, याची परीक्षा मुठीत होते. मूठभर मुरूम दाबावा. गोळा होऊन तो बोटाने टोकताच दोन तुकडे झाला, तर ओल योग्य. गोळाच होत नसेल तर पाणी कमी. हाताला पाणी सुटत असेल तर फार झाले. कोपऱ्यांत धुम्मसाने ठोकले व बाकी ठिकाणी भाड्याने आणलेले दाबयंत्र फिरवले. यंत्र नेहमी कडेकडून मध्याकडे फिरवावे. मध्यापासून आरंभ केला तर साहित्य बाहेर सरकते आणि मध्याची उंची नाहीशी होते. माती व खडी वेगळी ठेवण्यासाठी अलीकडे न कुजणारे एक कापडही मिळते, त्याला जिओटेक्स्टाईल म्हणतात. जेथे चांगला मुरूम मिळत नाही, तेथे ते तळावर अंथरणे हितकर होय.

मुरमावर ४० मिलिमीटरची खडी चार इंच पसरून प्रथम कोरडीच दाबली. तुकडे एकमेकांत अडकले आणि पायाखाली हलेनासे झाले, तेव्हा वर मुरूम पसरून, केरसुणीने सारून, झारीने पाणी मारून तो पोकळ्यांत उतरवला व परत दाबला. शेवटी दोन भाग बारीक खडी आणि एक भाग दगडाचा चुरा असे मिश्रण भिजवून दोन इंच जाड घातले. दगडाची धूळ श्वासावाटे आत जाणे घातक असते. म्हणून ते काम करताना सर्वांनी नाक-तोंड झाकले आणि आजीला चार दिवस आत्याकडे पाठवले. काम पुरे झाल्यावर आठवडाभर मोटार आत येऊ दिली नाही व रोज सायंकाळी हलके पाणी मारले.

पहिला पाऊस आणि पुढील निगा

जून २०२४ मध्ये पहिली मोठी सर आली तेव्हा आम्ही सर्व जण ओटीवर उभे राहून रस्त्याकडे पाहत होतो. पाणी मध्यावरून दोन्ही बाजूंस उतरले, फटींतून चरात गेले व चरातून मोरीकडे वाहू लागले. फाटकाजवळ मात्र तळहाताएवढे एक डबके राहिले. वडिलांनी लगेच खडी टाकू दिली नाही. पाऊस थांबल्यावर पाहिले तर तेथील फट पाल्याने बुजली होती. पाला काढताच डबके ओसरले. खड्डा दिसला की तो बुजवण्याआधी तेथे पाणी का थांबले, हे शोधावे. कारण दूर न करता घातलेली खडी वाया जाते, हे आम्ही एकदा पैसे देऊन शिकलोच होतो.

या रस्त्याची निगा थोडी पण नेमाने करावी लागते. मृगापूर्वी चर साफ करणे, पावसाळ्यात आठवड्याला फटी पाहणे, उगवलेले गवत मुळासकट उपटणे, आणि दिवाळीनंतर जेथे चाकोऱ्या पडल्या असतील तेथे कडा उकरून, नवी खडी घालून, ओली करून ठोकणे. कडा न उकरता वरवर टाकलेली खडी जुन्याशी एकजीव होत नाही.

त्या पावसाळ्यात रुग्णवाहिकेची गरज पडली नाही, ही देवाची कृपा. परंतु ऑगस्टमध्ये आजीची नेहमीची तपासणी होती. त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. रिक्षा फाटकातून आत आली आणि पायरीशी लागली. आजी काठी टेकीत तीन पावले चालून तिच्यात बसली. परत आल्यावर तिने रिक्षा मुद्दाम फाटकापाशीच थांबवली आणि छत्री धरून ते साठ फूट स्वतः चालत आली.

विद्यार्थीमित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरापुढे असाच चिखल असेल. सर्वांनाच आठ ब्रास साहित्य आणणे शक्य होईल असे नाही. पण येत्या पावसाळ्यात छत्री घेऊन अंगणात उभे राहणे, पाणी कोठे थांबते ते कागदावर टिपणे आणि एक चर खणून त्याला वाट देणे, यास खर्च लागत नाही. पाण्याला वाट करून दिली की रस्त्याचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे मग ऐपतीप्रमाणे, सवडीने आणि सर्वांनी मिळून करावे.